टोपीमुळे टक्कल पडते का?

मे महिन्यात भर दुपारी आलापल्लीच्या चौकात उभे राहिले, तर जवळजवळ प्रत्येक डोके झाकलेले दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील हे गाव सागाच्या जंगलासाठी प्रसिद्ध आहे. (१९८२ पूर्वी हा सारा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे.) येथून एक रस्ता अहेरीकडे, एक एटापल्ली-भामरागडकडे आणि एक सिरोंच्याकडे जातो. त्यामुळे येथे तऱ्हेतऱ्हेची डोकी पाहावयास मिळतात. तेंदूपाने तोडून परतलेल्या मजुराने डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला असतो. वनरक्षकाच्या डोक्यावर खाकी टोपी असते, म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पांढरी गांधी टोपी. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ असते, तर सुरजागडच्या लोहखाणीवरून आलेल्या कामगाराच्या हातात प्लॅस्टिकचे टणक शिरस्त्राण. मोटारसायकलवरचा एखादा तरुण मात्र उघड्या डोक्याने जाताना दिसतो. त्याचे हेल्मेट आरशाला लटकत असते. कारण विचारले, तर उत्तर ठरलेले: "हेल्मेटने केस जातात."

हा समज फार जुना आहे आणि तो केवळ तरुणांतच आहे असे नाही. "सारखी टोपी घालू नकोस, टक्कल पडेल," असे घरातील वडीलधारी मंडळीही सांगतात. यात तथ्य किती? डोक्यावरच्या वस्त्राचा आणि केसांचा खरोखर काय संबंध आहे? या प्रश्नाचे उत्तर नीट शोधले पाहिजे, कारण केसांच्या भीतीने डोके उघडे ठेवण्याची किंमत फार मोठी असू शकते.

केस कोठे जगतो?

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो, तो जिवंत नसतो. तो केराटीन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आपली नखेही याच प्रथिनाची असतात. म्हणून तर नखे किंवा केस कापताना दुखत नाही. केसाचा जिवंत भाग त्वचेच्या आत सुमारे ३ ते ४ मिलिमीटर खोलवर, एका लहानशा पिशवीच्या तळाशी असतो. या पिशवीला केशपुटक म्हणतात. तेथील पेशींचे सतत विभाजन होते, जुन्या पेशी वर ढकलल्या जातात आणि वर जाता जाता कठीण होतात. अशा रीतीने केस रोज सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो.

मात्र कोणताही केस अखंड वाढत राहत नाही. दोन ते सहा वर्षे वाढ झाली, की दोनतीन आठवड्यांत त्याचे मूळ आकसते. मग सुमारे तीन महिने तो नुसताच टिकून राहतो आणि शेवटी गळून पडतो. त्याच पुटकातून नवा केस उगवतो. कोणत्याही वेळी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. उरलेले बहुतेक विश्रांतीत असतात. या हिशोबाने निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. ते फणीत, उशीवर, अंगणात कोठेही पडतात आणि आपल्या लक्षातही येत नाहीत.

आता टोपी घालणाऱ्याचे काय होते ते पाहा. दिवसभरात गळलेले केस इकडेतिकडे न पडता टोपीतच साठतात. संध्याकाळी टोपी काढली, की दहावीस केस एकदम दिसतात आणि टोपीवर आरोप येतो! वास्तविक टोपीने ते केस उपटलेले नसतात. तिने ते फक्त गोळा केलेले असतात.

टोपीवरील आरोपांची तपासणी

पहिला आरोप असा, की टोपीमुळे केसांना हवा मिळत नाही. परंतु केसाचा बाहेरचा भाग मृत असल्यामुळे त्याला श्वास घेण्याचा प्रश्नच नाही. केशपुटकाला लागणारा ऑक्सिजन आणि अन्न रक्तातून मिळते. टोपीच्या आतली हवा कोंदट झाली, तरी रक्तातील ऑक्सिजन कमी होत नाही.

दुसरा आरोप असा, की घट्ट टोपीमुळे डोक्याचा रक्तपुरवठा कमी होतो. डोक्याची त्वचा ही शरीरातील भरपूर रक्तपुरवठा असलेल्या भागांपैकी एक आहे. कपाळाकडून, कानशिलांकडून, कानामागून आणि मानेकडून येणाऱ्या रक्तवाहिन्या तेथे एकमेकींना जोडलेल्या असतात. डोक्याला लहानशी जखम झाली, तरी किती रक्त वाहते हे तुम्ही पाहिले असेल. रोजच्या टोपीच्या दाबाने हा पुरवठा बंद पडत नाही.

याहून चांगला पुरावा तर प्रत्येक टकलावरच लिहिलेला असतो. टोपीची कड सर्वांत घट्ट कोठे बसते? कपाळावर, दोन्ही कानांच्या वर आणि मानेच्या वरच्या भागात. पुरुषांना पडणाऱ्या नेहमीच्या टकलात केस शिल्लक कोठे राहतात? कानांच्या वर आणि मागे! आणि टोपी जेथे बहुधा सैल असते, त्या टाळूवरचे केस जातात. टोपीच्या दाबाने टक्कल पडत असते, तर चित्र नेमके उलटे दिसले असते.

तरीही टक्कल पडलेल्या माणसांच्या डोक्यावर टोपी अधिक वेळा दिसते, हे खरे आहे. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे पहिली दुसरीचे कारण असते असे नाही. केस विरळ झाले, की डोक्याला ऊन चटकन लागते, म्हणून माणूस टोपी घालू लागतो. येथे टक्कल हे कारण आणि टोपी हा परिणाम आहे. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल होऊ न देणे, हा वैज्ञानिक विचाराचा पहिला धडा होय.

जुळ्या भावांची तुलना केली, तर आनुवंशिकतेचा भाग बाजूला ठेवता येतो. अमेरिकेत एकसारख्या जुळ्या भावांवर केलेला असा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज टोपी वापरण्याचा संबंध कानशिलांवरचे केस अधिक जाण्याशी नव्हे, तर कमी जाण्याशी आढळला. याचा अर्थ टोपी हे केसांचे औषध आहे असा नव्हे. पण आरोपीविरुद्ध पुरावा नाही एवढे निश्चित.

मग केस कशाने जातात?

१९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या पुरुषांच्या शरीरात वयात येण्यापूर्वीपासूनच पुरुष-हॉर्मोन तयार होत नव्हते, त्यांना नेहमीचे टक्कल पडत नव्हते. मात्र त्यांना ते हॉर्मोन बाहेरून दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे आनुवंशिकता आणि हॉर्मोन यांच्या जोडीने हे टक्कल पडते. टाळूवरची केशपुटके या हॉर्मोनच्या एका रूपाला संवेदनशील असतात. ती हळूहळू लहान होत जातात आणि त्यांतून अधिकाधिक बारीक केस उगवतात. मागची व बाजूची पुटके तितकी संवेदनशील नसतात.

दुसरे कारण गडचिरोलीसारख्या भागात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. मलेरिया, विषमज्वर यांसारखा जोराचा ताप आला, की अनेक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. पण ते लगेच गळत नाहीत, दोनतीन महिन्यांनी गळतात. तोपर्यंत ताप विसरला गेलेला असतो आणि दोष नवीन टोपीला किंवा नवीन साबणाला दिला जातो. असे केस बहुधा काही महिन्यांत परत येतात. अन्नातील लोह व प्रथिने यांची कमतरता आणि थायरॉइड ग्रंथीचे विकार यांमुळेही केस गळतात. चाई पडते, म्हणजे एखाद्या ठिकाणचे केस गोल चट्ट्यात जातात, तेव्हा शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच केशपुटकांवर हल्ला करीत असते.

केसांचे आरोग्य रक्तातून काय येते यावर किती अवलंबून असते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांतील माणसांचे केस अचानक जाऊ लागले. काहींना तर तीनचार दिवसांतच टक्कल पडले. त्यांत स्त्रियाही होत्या आणि शाळकरी मुलेही होती. पाणी, साबण, शांपू अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला. विंचूदंशावरील संशोधनाबद्दल प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला, तेव्हा रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य फार अधिक आढळले. त्यांनी त्याचा संबंध खाण्यात आलेल्या गव्हाशी जोडला. सेलेनियम अत्यल्प प्रमाणात शरीराला आवश्यक असते, परंतु अधिक झाले तर ते विष ठरते.

टोपीचा खरा दोष: ओढ, घर्षण आणि ओल

याचा अर्थ डोक्यावर काहीही, कसेही घातले तरी चालेल असा मात्र नाही. डोक्यावरचे वस्त्र केसांना तीन प्रकारे त्रास देऊ शकते.

पहिला प्रकार ओढ. केस सतत एकाच दिशेने ताणले गेले, तर केशपुटकाला इजा होते. ग्रीनलंडमधील स्त्रिया केस घट्ट ओढून बांधत. त्यांच्या कपाळाजवळचे केस जात असल्याची नोंद १९०७ सालीच झाली आहे. आपल्या देशात काही शीख मुलांमध्ये हाच प्रकार डॉक्टरांना आढळला. त्यांच्या डोक्यावर सर्वत्र पगडी असूनही केस फक्त ओढ बसणाऱ्या जागीच विरळ झाले होते. दोष पगडीच्या कापडाचा नव्हता; केसांचा जुडा फार घट्ट बांधण्याचा होता. रिबिनीने करकचून बांधलेल्या दोन वेण्या आणि त्यांवर घट्ट आवळलेला स्कार्फ यांनीही असेच होते. सुरुवातीला लक्षात आले आणि ओढ थांबवली, तर केस परत येतात. वर्षानुवर्षे तसेच चालू ठेवले, तर पुटक कायमचे नष्ट होते.

दुसरा प्रकार घर्षण. केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले अतिशय सूक्ष्म खवले असतात. त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. खरबरीत कापड त्यांवर सतत घासले, की खवले उचलले जातात, तुटतात आणि केस मध्येच दुभंगतो. येथे केस मुळापासून जात नाही, तो मध्येच तुटतो. हेल्मेट झटक्याने ओढून काढले, की हेच होते. चुंबळीवर रोज जड ओझे वाहिले, तर टाळूवरच्या त्याच त्या जागी दाब आणि घर्षण दोन्ही होते. चुंबळ मऊ सुती कापडाची केली आणि तिची जागा थोडी बदलत राहिली, तर हा त्रास कमी होतो.

तिसरा प्रकार ओल. ओला केस फुगतो, अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय डोक्याच्या त्वचेवर एक प्रकारचे यीस्ट नेहमीच राहत असते. तैलग्रंथींतून पाझरणारे तेल हे त्याचे अन्न. उबदार आणि दमट जागेत त्याला चांगलेच फावते. मग कोंडा व खाज वाढू शकते. घाम व मळ साचून केसांच्या मुळाशी पुळ्या किंवा केसतोडही येतात. म्हणून न्हाऊन आल्यावर ओल्या केसांवर टोपी किंवा हेल्मेट चढवू नये.

अस्तर कशाचे असावे?

या तीनही दोषांवर अस्तराचा मोठा परिणाम होतो. केसांना स्पर्श टोपीचा होत नाही, अस्तराचा होतो.

कोणता धागा किती ओल धरतो, हे वस्त्रतज्ज्ञ मोजतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतून सुमारे ७ ते ८ ग्रॅम बाष्प शोषून घेतो. रेशीम सुमारे ११ ग्रॅम, लोकर १४ ते १६ ग्रॅम, नायलॉन सुमारे ४ ग्रॅम आणि पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणून घट्ट विणलेल्या पॉलिएस्टरचे अस्तर असले, तर घाम कापडात मुरत नाही, केसांतच राहतो. रेक्झिनची पट्टी तर मुळीच घाम शोषत नाही. काही जणांना रेक्झिन, चामडे किंवा कच्चा रंग यांमुळे कपाळावर पुरळही येते.

पण केवळ धाग्यावरून निर्णय घेता येत नाही. विणही पाहावी लागते. खेळाडूंच्या टोप्यांत पॉलिएस्टरची जाळीदार वीण असते. तिच्या बारीक तंतूंमधील फटींतून घाम केशाकर्षणाने बाहेरच्या पृष्ठभागावर येतो आणि लवकर वाळतो. उलट जाड सुती अस्तर घाम भरपूर पिते, पण पावसाळ्यात दिवसभर ओलेच राहते. साटीन हे धाग्याचे नाव नसून विणीचे नाव आहे. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे लांब किंवा कुरळ्या केसांना घर्षण कमी होते. परंतु ते पॉलिएस्टरचे असेल, तर उन्हाळ्यात घाम कोंडते. शिवाय कोरड्या हवेत पॉलिएस्टर केसांवर घासले, की स्थिर विद्युत् निर्माण होते आणि टोपी काढताच केस उभे राहतात.

सारांश असा, की आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ, मऊ, धुता येणारे सुती अस्तर सर्वांत चांगले. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल किंवा टोपडे घालावे आणि रोज धुवावे. मात्र त्याने हेल्मेट सैल होता कामा नये आणि त्याचा पट्टा नीट लागलाच पाहिजे. खाणीतील शिरस्त्राणाची रचना याबाबतीत पाहण्यासारखी आहे. त्याचे कवच डोक्याला टेकत नाही. आतल्या पट्ट्यांवर ते तोलून धरलेले असते. मधली मोकळी जागा आघात सोसण्यासाठी ठेवलेली असते, आणि तिच्यातून हवाही खेळते.

वर्गात करून पाहा

१. एक लांब केस घ्या. तो एका हाताने ताणून धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीतून मुळाकडून शेंड्याकडे सरकवा. मग उलट दिशेने सरकवा. उलट दिशेने तो अधिक खरबरीत लागतो. ही त्या खवल्यांची साक्ष.

२. जुने धोतर, पॉलिएस्टरचे शर्टाचे कापड, साटीनची रिबीन आणि रेक्झिन यांचे सारख्या आकाराचे तुकडे पसरा. प्रत्येकावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब टाका. थेंब किती सेकंदांत मुरला ते लिहा. नंतर तुकडे पूर्ण भिजवून, पिळून सावलीत टांगा आणि कोणता केव्हा वाळला ते नोंदवा. लवकर शोषणारे कापड लवकर वाळतेच का?

३. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच पाणी भरून प्रत्येकीत एक तापमापी ठेवा. एका बाटलीभोवती ओले सुती कापड, दुसरीभोवती ओल्या कापडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान लिहा.

तिसऱ्या प्रयोगाचा अर्थ समजला, की उन्हाळ्यातील दुपट्ट्याचे महत्त्व समजते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. शरीराचे तापमान ३७ अंश असते. बाहेरची हवा शरीराहून गरम असली, की उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक ग्रॅम घामाचे बाष्प होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता खर्ची पडते. सैल, पांढरा, सुती दुपट्टा ऊन अडवतो आणि बाष्पीभवनालाही वाव देतो. प्लॅस्टिकने ते बंद पडते.

दुसऱ्याची टोपी नको

टोपीमुळे केसांना होणारा एक धोका मात्र संसर्गाचा आहे. लहान मुलांच्या डोक्यात होणारा नायटा कवकामुळे होतो. त्याचे बीजाणू फणी, टोपी व उशी यांवरून पसरतात. केस तुटून चट्टे पडतात. याला डॉक्टरांच्या औषधाची गरज असते, नुसते मलम पुरत नाही. उवा मुख्यतः डोक्याला डोके लागून पसरतात, परंतु टोपी व फणीवरूनही क्वचित जातात. म्हणून वसतिगृहात, स्काऊटच्या पथकात किंवा क्रिकेटच्या संघात टोप्यांची अदलाबदल करू नये. हेल्मेट एकच असेल, तर प्रत्येकाने आपला स्वतःचा रुमाल आत घालावा. टोपी आठवड्यातून एकदा तरी धुऊन उन्हात वाळवावी. उवांची शंका असेल, तर ५५ अंशांहून अधिक गरम पाण्यात धुवावी.

डोके मोलाचे

आता दोन्ही पारड्यांत काय आहे ते पाहा. एका बाजूला तुटलेले काही केस, थोडा कोंडा, एखादी पुळी. हे सारे स्वच्छ अस्तराने आणि थोड्या काळजीने टळते. दुसऱ्या बाजूला उष्माघात, ज्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन मेंदूवर परिणाम होतो. किंवा रस्त्यावर उघड्या डोक्याला बसलेला मार. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे केले, ते याच कारणासाठी. तुटलेला केस महिन्याला एक सेंटिमीटर या वेगाने पुन्हा वाढतो. मेंदूच्या मेलेल्या पेशी अशा परत येत नाहीत.

तेव्हा "टोपीने टक्कल पडते" असे यापुढे कोणी म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला एखाद्या टक्कल पडलेल्या आजोबांचे डोके नीट पाहावयास सांगा आणि विचारा: टोपी घट्ट कोठे बसते, आणि केस शिल्लक कोठे आहेत? मग त्याच्या हेल्मेटचे अस्तर शेवटचे केव्हा धुतले होते, हेही विचारा.